नागपूरच्या गच्चीवरून ग्रह आणि उपग्रह कसे ओळखावेत

टेलिस्कोप घेण्याची घाई करू नका. शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक शहराच्या उजेडातही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पावसाळा सरला की सुरुवात करा.

आधी दिशा पक्क्या करा. हात समोर ताठ धरून मूठ वळली, की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. नागपूर २१ अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर सापडतो. तो फार ठळक नसतो. पहिल्या दिवशी फोनमधलं होकायंत्र वापरा.

मग ग्रह शोधा. सूर्य-चंद्र आकाशात ज्या पट्ट्यातून जातात, त्याच पट्ट्यात ग्रह असतात. ध्रुवाजवळचा ठिपका ग्रह नव्हेच. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतो. मध्यरात्री डोक्यावर ताऱ्यांहून ठळक, पांढरट प्रकाश असेल तर तो बहुधा गुरू. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळसर. ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, पण क्षितिजालगत तेही थरथरतात, तेव्हा जरा वर येऊ द्या.

इथे घरातलं पंचांग फार कामाचं. कोणता ग्रह कोणत्या राशीत आहे ते त्यात असतं, आणि या निरयण (म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या) राशी आकाशातल्या तारकासमूहांशी बऱ्यापैकी जुळतात. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर, शनी अडीच वर्षं राहतो; एकदा ओळखला की पुढे शोधावा लागत नाही. ज्याच्या साडेसातीची धास्ती घरोघरी असते, तो शनी प्रत्येकाने एकदा तरी स्वतः पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

उपग्रहांसाठी सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयापूर्वीचा तास-दीड तास निवडा. तेव्हा आपल्याकडे अंधार, पण ४०० किलोमीटर उंचीवरच्या अवकाश स्थानकावर ऊन असतं. ‘हेवन्स-अबव्ह’ या संकेतस्थळावर नागपूर निवडलं की वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अंशांत कळते. ४० अंशांहून वर चढणारी फेरी घ्या आणि पाच मिनिटं आधीच गच्चीवर जा. स्थानक नैऋत्य, पश्चिम किंवा वायव्येकडून उगवतं आणि पूर्वेकडे सरकत जातं. चांगली फेरी पाच-सहा मिनिटांची. मध्येच विझलं तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरवरून विमानं सतत जातात, त्यामुळे गल्लत होते. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतील तर विमान. उपग्रहाचा प्रकाश बहुतेकदा संथ, एकसारखा. एका ओळीत चालणारे ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह.

मंद उपग्रहांसाठी मात्र शहर सोडावं लागतं. २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं उद्यान, ठरलेलं पेंच आपल्याच जिल्ह्यात आहे.

हे जमलं की १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. कोपरं कठड्यावर टेकवून गुरूकडे पाहा. शेजारी एका रेषेत त्याचे चार चंद्र दिसतील. एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असेल तर तीनच. वहीत त्यांच्या जागा टिपा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा पाहा: जागा बदललेल्या असतील.