'दोन' लावून बघा: इंग्रजीतलं एकवचन, अनेकवचन आणि न मोजता येणारी नामं

एसटीत कंडक्टर ओरडतो "सामान वर ठेवा". बॅगा पाच असू दे नाहीतर पन्नास, ते सामानच, "सामानं वर ठेवा" असं कोणी म्हणत नाही. आणि हाच आपला माणूस एअरपोर्टवर गेला की "माय लगेजेस" म्हणून मोकळा होतो. म्हणजे मोजता येणारं काय आणि न येणारं काय हे आपल्याला मराठीत न शिकवता कळतं, पण शाळेत काउंटेबल-अनकाउंटेबल अशी दोन नावं देऊन पन्नास शब्दांची यादी पाठ करायला लावतात आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

मी मुलांना शिकवताना यादी देतच नाही. शब्दाच्या आधी मराठीत 'दोन' लावून बघायचं, बस. दोन माहिती? दोन ट्रॅफिक? दोन फर्निचर? कानाला खटकतं ना, मग इंग्रजीतही तो शब्द मोजायचा नाही, त्याला एस लावायचा नाही आणि आधी 'अ' किंवा 'अ‍ॅन'ही लावायचा नाही. इन्फॉर्मेशन, ट्रॅफिक, फर्निचर, लगेज, पाणी, दूध, साखर, वाळू, प्रगती हे सगळे या एका चाळणीतून निघतात. दोन खुर्च्या चालतं, म्हणजे चेअर्स. दोन बॅगा चालतं, म्हणजे बॅग्ज. सोपं आहे.

आता खरी मजा. ही चाळणी काही शब्दांना दगा देते, आणि आपल्या चुका नेमक्या तिथेच होतात, त्यामुळे पाठ करायचे तर फक्त हेच करा. मराठीत 'दोन सल्ले' चालतं पण अ‍ॅडव्हाइस मोजत नाहीत. 'चार बातम्या' चालतं पण न्यूज मोजत नाहीत, आणि शेवटी एस दिसत असला तरी ती कायम एकवचनी, "द न्यूज इज गुड". 'दोन कामं आहेत' म्हणताना "आय हॅव टू वर्क्स" नाही, तिथे जॉब्ज किंवा टास्क्स म्हणा नाहीतर सरळ "सम वर्क". केस पांढरे झाले हे मराठीत अनेकवचन, इंग्रजीत "माय हेअर इज ग्रे". पैसे संपले, तर "द मनी इज फिनिश्ड", आर नाही. तांदूळ धुतले, गहू दळून आणले हे आपल्याकडे अनेकवचनी, पण राइस आणि व्हीट दोन्ही एकवचनी (आणि भात पण राइसच, तांदूळ पण राइसच, इंग्रजांना जेवणातलं फारसं कळत नसावं). मग खडू आणि साबण. वर्गात "सर, टू चॉक्स" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. चॉक, सोप, ब्रेड, टोस्ट हे इंग्रजीत पदार्थ म्हणून बघतात, वस्तू म्हणून नाही, म्हणून मधे काहीतरी घालावं लागतं: टू पीसेस ऑफ चॉक, टू बार्स ऑफ सोप, टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड, टू स्लायसेस ऑफ टोस्ट. आपण नाही का 'दोन चमचे साखर', 'एक वाटी डाळ' म्हणत, तीच गोष्ट, फक्त इंग्रजीत मधे 'ऑफ' लागतो. अ‍ॅडव्हाइस, न्यूज, इन्फॉर्मेशन, फर्निचर, लगेज, सगळ्यांना 'अ पीस ऑफ' चालतं.

ऑफिसातल्या मंडळींसाठी वेगळं सांगतो कारण तिकडे हे फार चालतं: सॉफ्टवेअर्स, फीडबॅक्स, इक्विपमेंट्स, आणि "टू स्टाफ्स आर अ‍ॅबसेंट". यातलं काहीही नको. टू प्रोग्रॅम्स, सम फीडबॅक, इक्विपमेंट, टू मेंबर्स ऑफ स्टाफ. मराठीत आपण 'तीन सॉफ्टवेअर टाकली' म्हणतो म्हणून इथे चाळणी फसते.

मच आणि मेनी वगैरे मी दोन वाक्यांत संपवतो. मोजता येतं त्याला मेनी आणि फ्यू, येत नाही त्याला मच आणि लिटल, आणि दोन्हीकडे चालणारे सम, एनी, अ लॉट ऑफ. बोलताना गडबडलात तर "अ लॉट ऑफ" म्हणा, कुठेच अडत नाही.

एकच शब्द दोन्ही बाजूंना असतो तेव्हा मात्र थांबून विचार करायचा. हेअर डोक्यावर असेतोवर एकवचनी, पण आमटीत सापडला की "अ हेअर", कारण आता तो एक सुटा केस आहे, मोजता येतो. पेपर म्हणजे कागद असेल तर मोजायचा नाही, पण वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर असेल तर टू पेपर्स. ग्लास म्हणजे काच, मोजत नाहीत, पाणी पितो तो ग्लास मोजतात. एक्स्पीरियन्स नोकरीतला असेल तर "फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स", पण कोकण ट्रिपमधले वेगवेगळे किस्से असतील तर एक्स्पीरियन्सेस चालतं. आणि हॉटेलात "टू कॉफीज" म्हणालात तर ते बरोबरच आहे, तिथे कॉफी म्हणजे दोन कप.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी केलेली डिक्शनरी उघडा, नामापुढे सी लिहिलेलं असेल तर मोजायचं, यू असेल तर नाही (काही ठिकाणी पूर्ण शब्द लिहितात). ही सोय कशी आली ती गोष्ट मला आवडते. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, आणि जपानीत एक आणि अनेक हा फरक नामावर सहसा दाखवतच नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलांना कुठे एस लावायचा ते कळायचं नाही. हॉर्नबींनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला शब्दकोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला, त्यात या खुणा होत्या. म्हणजे यात गोंधळणारे आपण पहिले नाही.

दुसरी मोठी चूक याच्या बरोबर उलटी, जिथे एस हवा तिथे खाऊन टाकणं. "आय हॅव फाइव्ह फ्रेंड." याचं मूळ पण मराठीतच आहे. एक घोडा दोन घोडे होतं, पण एक दगड दोन दगडच राहतात, एक मित्र पाच मित्रच, एक हात दोन हातच. आकडा आला की काम झालं असं आपल्याला वाटतं, इंग्रजीला तेवढं पुरत नाही. "वन ऑफ माय फ्रेंड" पण असंच, तिथे फ्रेंड्सच हवं, कारण अनेकांतला एक. आणि मग गाडी उलट्या बाजूला घसरते, "टेन थाउजंड्स रुपीज" म्हणतात. आकड्याला एस नाही, टेन थाउजंड रुपीज. पण नोट मात्र "अ फाइव्ह हंड्रेड रुपी नोट" आणि मुलगा "अ टेन-इयर-ओल्ड बॉय", कारण तिथे रुपी आणि इयर दुसऱ्या नामाचं विशेषण झालेत.

अजून एक खास आपली चूक, आदराची. 'बाबा आले', 'सर आले' यातलं अनेकवचन आदरासाठी असतं, ते इंग्रजीत नेऊन "माय फादर आर कमिंग" करू नका. इंग्रजीत कितीही आदर असला तरी एक माणूस म्हणजे इज.

एस लावायचा म्हणजे नेहमी 'स' उच्चारायचा असंही नाही. कॅट्स, बुक्स, कप्स यांत स, डॉग, पेन, बॉय यांच्यापुढे जहाजातला ज असतो तसा मऊ आवाज, आणि बस, बॉक्स, मॅचसारख्या शब्दांना 'इज' जोडून. पोटॅटो-टोमॅटोला ईएस, फोटो-पियानोला नुसता एस. नाइफचं नाइव्ह्ज होतं पण रूफचं रूफ्सच, हे लिहून लिहूनच बसतं.

मराठीत आलेल्या काही शब्दांनी पण फसवलंय. 'एक लेडीज उभी होती', 'माझा एक सॉक्स हरवला', 'एक शूज ओला झालाय' हे आपण रोज बोलतो, पण ही सगळी अनेकवचनं आहेत, एक असेल तर लेडी, सॉक, शू. उलट लेन्स एकवचनी आहे, दोन असतील तर लेन्सेस. कात्री, चष्मा, पँट मराठीत एक, इंग्रजीत दोन पाती, दोन काचा, दोन पाय म्हणून कायम अनेकवचन: "द सिझर्स आर शार्प". आपला पायजमा पण तिकडे जाऊन पजामाज झाला. पोलीस आणि पीपल यांना एस नाही पण क्रियापद आर. चिल्ड्रनला एस लावणाऱ्यांनी थांबा, ते आधीच अनेकवचन आहे, शीप आणि एअरक्राफ्ट दोन्हीकडे तसेच राहतात.

फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माउस-माइस हे जुन्या इंग्रजीतून उरलेले थोडेसेच शब्द, ते पाठ करा. पण गूसचं गीस होतं म्हणून मंगूसचं मंगीस करू नका. मंगूस आणि गूस यांचं काही नातं नाही, मंगूस हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्या मराठी मुंगसावरून तिकडे गेलाय असं इंग्रजी शब्दकोशच सांगतात. दोन मुंगसं दिसली तर टू मंगूसेस.