पंपाचं वायसर बघा, ओला शर्ट बदला: कपाशीच्या फवाऱ्याआधी एवढं वाचाच

सप्टेंबर लागला. आठ दिवसांची झडी उघडली, पऱ्हाटी (कपाशी) छातीला आली, पात्या-फुलं-हिरवी बोंडं सगळं एकदम लागलंय आणि उद्या-परवापासून गावोगावी एकाच वेळी पंप निघणार, म्हणून हे घाईत लिहितोय. किडींचं खाली थोडक्यात दिलंय, ते तुम्हाला कुठंही मिळेल. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दरवर्षी सांगतो, पाठीवर गळणारा पंप आणि अंगावरच वाळणारा शर्ट. माणसं यानंच पडतात. नाकातोंडाला रुमाल सगळे बांधतात, पाठ कोणी बघत नाही.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या एका हंगामात जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, कित्येकांना डोळ्यानं दिसेना. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, औषधं एकात एक मिसळून मारली, नवे पंप आले होते, कारणं बरीच सांगितली गेली आणि ती खोटी नाहीत. पण मी त्या वर्षी आमच्या गावच्या ज्या गड्याला गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं त्याचा शर्ट तिथं कात्रीनं कापून काढावा लागला, मानेपासून कमरेपर्यंत ओला, आणि करदोट्याच्या खाली लालभडक चट्टा पडलेला. सकाळपासून अकरा पंप मारले होते त्यानं. सगळे त्याच शर्टात. टाकीच्या झाकणातून गळत होतं हे त्याला माहीत होतं, म्हणाला गार वाटत होतं म्हणून तसंच ठेवलं.

तो वाचला. त्याची पोरगी तेव्हा सातवीत होती, आता बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मागच्या हंगामापासून तिनं गावात जे चालू केलंय ते मी रोज बघतोय म्हणून तुम्हाला सांगतोय, कारण त्यात महागडं काही नाही, एक साधा टचस्क्रीन मोबाईल आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर.

पहिलं काम ती करते ते पाण्याची चाचणी. फवाऱ्याच्या आदल्या दिवशी पंपात नुसतं साधं पाणी भरायचं, गड्यानं फिक्या रंगाचा कोरडा शर्ट घालायचा, पंप पाठीवर घ्यायचा, एक तास चालून जायचं, दोनदा खाली वाकायचं जसं आपण बुडाशी फवारताना वाकतो, मग पंप उतरवून पाठीचा फोटो. फोटो ग्रुपवर. शर्टावर ओला डाग दिसला की त्या पंपात औषध भरायचं नाही, विषय संपला. मागच्या वर्षी पहिल्याच आठवड्यात चार पंप असे बाद निघाले आणि चारही जणांचं आधी म्हणणं होतं की आमचा पंप गळत नाही. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही हो, फोटो दाखवला की वाद राहत नाही. चारपैकी तिघांचं झाकणाचं वायसर (गळती अडवणारी चकती) गेलेलं होतं आणि एकाची नळी बुडाशी चिरलेली. वायसर दहा-वीस रुपयाचं मिळतं, नळीला नवी क्लिप बसते. सुतळी आणि पन्नी गुंडाळून भागवू नका, वाकलं की गळतंच.

दुसरं, धुऱ्यावरचा म्हणजे बांधावरचा स्पीकर. आपल्याकडे मजुरी पंपामागे ठरते, म्हणजे गडी थांबला की त्याचा पैसा थांबला, म्हणून तो पाणी प्यायलासुद्धा बाहेर येत नाही, शर्ट बदलणं तर लांबच राहिलं. तिनं मोबाईलवर पाऊण पाऊण तासाचा अलार्म लावून बापाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जोडलंय, "भाऊ, पंप उतरव, पाठ दाखव, शर्ट ओला असंल तर बदल". ज्याचा शर्ट कापून काढला होता त्याचाच आवाज, त्यामुळे गडी ऐकतात. कोलाम आदिवासी मजुरांसाठी तिनं एका कोलाम बाईकडून हेच कोलामीतून बोलून घेतलं. छापील कागद वाटून हे झालं नसतं, बाटलीवरच्या पत्रकातली अक्षरं तर मलाच चष्म्याशिवाय लागत नाहीत. वावराच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, पंपामागे पैसे देत असाल तरी शर्ट बदलायची दहा मिनिटं आणि हातपाय धुवायचं पाणी-साबण तुमच्याकडून ठरवून द्या, नाहीतर रोजानं लावा.

शर्ट कशाला एवढा, असं विचारणारे भेटतात. फवारणारा माणूस जेवढं विष नाकानं घेतो त्यापेक्षा साधारणपणे जास्त कातडीतून घेतो, आणि घाम आलेली, तापलेली कातडी अजून लवकर ओढते. काख आणि जांघ इथून तर फार जास्त. ओला शर्ट म्हणजे पाठीवर दिवसभर औषधाची पट्टी बांधल्यासारखं आहे. प्लास्टिकचा पूर्ण सूट आपल्या उन्हात अर्धा तासही सहन होत नाही हे मी मान्य करतो, तो सूट घरात खुंटीला टांगलेला मी खूप ठिकाणी पाहिलाय. म्हणून निदान एवढं करा: लांब बाह्यांचा सुती शर्ट, पाठीवर पंपाखाली स्वच्छ जाड पन्नी पदरासारखी गळ्यात बांधा (औषधाच्या रिकाम्या पिशवीची नाही), रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा, आणि पिशवीत दोन कोरडे शर्ट. दोन. जुने, फाटलेले चालतील, कोरडे हवेत.

औषध कालवणाऱ्या आणि पाणी आणणाऱ्या बायांना तर कोणी धरतच नाही. पंप मारणारा पातळ केलेलं औषध घेतो, कालवणारी बाई तर मूळ बाटली हाताळते, तेही काठी नाही म्हणून कधी कधी हातानंच ढवळते, आणि संध्याकाळी फवाऱ्याचा शर्ट घरच्या कपड्यात धुते. हातमोजे आधी तिला द्या. फवाऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत, मोजे घालून धुवायचे.

आता हवामान. त्या पोरीचा सकाळी साडेसहाचा व्हॉइस मेसेज असतो, वारा किती, ऊन किती चढणार, पाऊस आहे का, आज फवारायचं का नाही. मेघदूत ॲपवरचा जिल्ह्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो तो ती वाचून दाखवते, आणि विजांसाठी दामिनी ॲप, ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं आहे, आपल्या आजूबाजूला वीज पडायची शक्यता दाखवतं. परतीच्या पावसात दुपारी तीननंतर आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही, गडगडलं की पंप तिथंच ठेवून वावराबाहेर पक्क्या छताखाली या, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका.

पण ॲप जिल्ह्या-तालुक्याचं सांगतं, तुमच्या वावराचं नाही. माझा आपला अंदाज, शास्त्र म्हणून सांगत नाही: चिमूटभर कोरडी माती छातीच्या उंचीवरून सोडा, ती सरळ खाली पडली तर त्या दिवशी हवा कोंदट आहे, औषधाचं धुकं पऱ्हाटीतच लटकून राहतं, थांबा. हातभर बाजूला गेली तर ठीक. अंगावरून पलीकडे उडाली तर बंद. आणि शेंड्याचं पान हलतं पण कमरेखालचं एकही हलत नाही अशी दाट पऱ्हाटी असेल तर पिकाच्या दोन ओळी (तासं) सोडून चाला, वाऱ्याकडे पाठ ठेवून, फवारलेल्या ओळीत परत शिरू नका. सकाळी दव उडालं की दहापर्यंत, नाहीतर साडेचारनंतर. भर उन्हात माणूसही जातो आणि औषधही उडून जातं, पीक वाचत नाहीच.

कृषी केंद्रात गेल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बोंडअळी म्हटलं की दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक, एक स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं), असा पाच बाटल्यांचा डोस काउंटरवर मांडला जातो, वर "सगळं एकाच पंपात टाका, मजुरी वाचते". नका टाकू. दोन विषं मिसळली की दवाखान्यात डॉक्टरलाही कळत नाही नेमकं कशानं झालंय, आणि पिकाचं म्हणाल तर सतत सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातली कीटकनाशकं मारून पांढरी माशी वाढते हे आपण पाहिलंय, मित्रकिडी मरतात आणि परत तिसऱ्या फवाऱ्याला तुम्ही त्याच काउंटरवर. टॉनिकचे पैसे वाचवा आणि प्रत्येक गड्यामागे एक जोडी चांगले मोजे घ्या. पक्कं बिल घ्या. पोरगी बाटली घेतल्या घेतल्या लेबलचा फोटो काढून मोठा करून घटक वाचते, नाव वेगळं आणि आत तेच औषध अशा दोन बाटल्या तिनं दुकानातूनच परत करायला लावल्यात. डब्यावरचा त्रिकोणही बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळा असेल तर आधी विचारा दुसरं काही चालेल का. मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल वर २०२३ मध्ये केंद्रानं बंदीचा आदेश काढला, जुना साठा कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका.

नेहमीची कामं, नुसती यादी:

- साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीनं न उमललेली फुलं) तोडून नष्ट
- कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी ५. सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले की फवाऱ्याचा विचार
- २० हिरवी बोंडं फोडा. २ किंवा जास्त किडकी असतील तरच औषध
- तुडतुडे पानामागे २ च्या वर नाहीत तर फवारा नको
- सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क
- रसशोषक किडी वाढल्या तर फ्लोनिकामाईड ५० डब्ल्यूजी, १० लिटरला ३ ग्रॅम
- बोंडअळीला इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम
- एका वेळी एकच कीटकनाशक
- रिकामे डबे ठेचून निकामी. घरात पाण्याला-धान्याला नाही
- शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१

ही मात्रा साध्या पाठीवरच्या पंपाची आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं पाणी कमी आणि द्रावण जास्त कडक असतं, तिथं गळती झाली तर धोकाही तेवढाच जास्त. ड्रोनवाले आता येतायत, पाठीवरचं ओझं जातं ही चांगली गोष्ट आहे, पण एकराचं औषध साधारण १० लिटर पाण्यात बसवतात म्हणजे टाकी भरणाऱ्याच्या हातात किती जहाल द्रावण आहे ते लक्षात घ्या, आणि शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाया असतील तर त्यांना आधी बाहेर काढा. औषध ड्रोननं मारायला मंजूर आहे का तेही लेबलवर बघायचं.

कोणाला फवारताना किंवा नंतर डोकं दुखणं, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, दरदरून घाम, अंधुक दिसणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, दंडाचं मांस आपोआप फडफडणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर उन्हानं झालं असं म्हणून झाडाखाली झोपवू नका. कपडे सगळे काढा, करदोटासुद्धा, साबणानं भरपूर पाण्यानं धुवा, धुताना स्वतः मोजे घाला. दूध, तेल, दारू काही पाजू नका, शुद्ध हरपत असेल तर ओकारी काढायला जाऊ नका, कुशीवर ठेवा. १०८ ला फोन. बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत, कारण ॲट्रोपिन (काही विषांवरचा उतारा) द्यायचं की दुसरं काही हे औषध कोणतं यावर ठरतं. डॉक्टरांना माहिती हवी असेल तर दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, काही औषधांचा त्रास संध्याकाळी नाही, रात्री सुरू होतो. त्या गड्याला रात्री अकरानंतर सुरू झाला होता, बायकोला वाटलं दमून त्याच शर्टात झोपलाय. ज्यानं आज फवारा मारलाय त्याला रात्री एकदा उठवा, बोलतं करा, मोबाईलचा टॉर्च डोळ्यापासून जरा लांब धरून बाहुली बघा. पोरगी अजूनही फवाऱ्याच्या दिवशी अकराचा अलार्म लावते आणि बापाला उठवते.