लोड दिला की व्होल्टेज बसतं? एलएम३१७ वर नवीन काम करणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा आयटीआय करून वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीत लागलात, की आज ना उद्या पॉवर सप्लायचं बोर्ड हातात येणारच. पॅनलमधलं असेल, सेन्सरचं असेल, नाहीतर शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमधलं कंट्रोल कार्ड असेल. एलएम३१७ म्हणजे दोन रेझिस्टर लावून हवं ते व्होल्टेज देणारी तीन पायांची रेग्युलेटर चिप. तिचा फॉर्म्युला तुम्हाला पाठ आहे, तो मी परत सांगत बसत नाही. त्यावर कॉलेजात मार्क मिळतात. टेस्टिंगच्या टेबलावर मात्र नो लोडला १२ दाखवणारं बोर्ड १ अँपिअर लोड दिला की साडेअकरावर येतं आणि फॉर्म्युला गप्प बसतो.

मी यातच अडकले होते. आजही कुणी 'आउटपुट बसतंय' म्हटलं की पोटात गोळा येतो. आमचे फोरमन काका म्हणाले, "माल डुप्लिकेट असंल, बदलून बघ." चिप बदलली. दुसऱ्या दुकानातून आणून बदलली. कार्बनचे रेझिस्टर काढून १ टक्क्याचे मेटल फिल्म टाकले. नो लोडचा आकडा सुधारला, लोडवरचा मात्र तिथंच.

शेवटी मीटर मिलिव्होल्टवर टाकला. एक प्रोब चिपच्या आउटपुट पायावर आणि दुसरा आउटपुटच्या टर्मिनलवर, लोड चालू ठेवून. ५० मिलिव्होल्टच्या आसपास. एवढं तर कोणत्याही ट्रॅकवर पडतं. ३५ मायक्रॉन तांब्याचा १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रॅक घ्या, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०५ ओहम भरतो. १ अँपिअरला ५० मिलिव्होल्ट. पण बोर्डावर घट होती अर्ध्या व्होल्टची. मग बाकीचं गेलं कुठं?

तर ऐका, आणि इथं घाई करू नका. कॉलेजात शिकवतात की व्होल्टेज लोडपाशी अचूक हवं असेल तर फीडबॅक (आउटपुट किती आहे हे चिपला कळवणारी जोडणी) लोडपासूनच घ्या. म्हणून आर-वनचं, म्हणजे चिपच्या आउटपुट आणि ॲडजस्ट पायांमधल्या रेझिस्टरचं, वरचं टोक आउटपुट टर्मिनलला जोडलेलं होतं. ऐकायला एकदम बरोबर. पण एलएम३१७ जमिनीकडे बघतच नाही, त्याला ग्राउंडचा पायच नाही. तो फक्त आउटपुट पाय आणि ॲडजस्ट पाय यांच्यात १.२५ व्होल्ट राखतो. आर-वन टर्मिनलला जोडला, की ट्रॅकवर पडलेले ५० मिलिव्होल्ट त्या १.२५ मधूनच वजा होतात. आर-वनवर राहतात १.२०. आणि आर-वनवर जे असेल त्याला पुढं गुणायचं काम ॲडजस्ट पायापासून ग्राउंडकडे जाणारा आर-टू करतो. १२ व्होल्टसाठी हा गुणाकार ९.६ चा आहे (१२ भागिले १.२५). म्हणजे ५० चे झाले ४८० मिलिव्होल्ट. झाला की तुमचा अर्धा व्होल्ट!

आर-वनचं वरचं टोक चिपच्या आउटपुट पायाच्या अगदी मुळाशी सोल्डर केलं, की घट फक्त ५० मिलिव्होल्टची राहते. तीच चिप, तेच रेझिस्टर. २४ व्होल्टच्या सप्लायला तर हीच चूक १९ पटीनं वाढते. म्हणून ५ व्होल्टच्या बोर्डावर जे खपून गेलं, ते मोठ्या व्होल्टेजला अंगावर येतं.

आता आर-टूचं खालचं टोक. ते मात्र लोडच्या निगेटिव्हपाशीच न्या. मग ग्राउंडच्या वायरमध्ये पडणारा ड्रॉप चिप आपोआप भरून काढते. बहुतेक जण ते जवळ दिसेल त्या ग्राउंडला टाकून मोकळे होतात, आणि जवळ असतो तो नेमका ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि मोठ्या कॅपॅसिटरमधला ट्रॅक. त्या ट्रॅकमधून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे झटके जातात. ते सगळे आउटपुटवर गुरगुर होऊन दिसतात आणि दोष फिल्टरला लागतो.

वर आर-वन चिपपाशी, खाली आर-टू लोडपाशी. उलटं केलं की मेलात.

हे पाठ करून प्रत्येक चिपला लावू नका, नाहीतर दुसऱ्या खड्ड्यात पडाल. एलएम२५९६ या स्विचिंग रेग्युलेटर चिपच्या ॲडजस्टेबल प्रकारात १.२३ व्होल्टचा रेफरन्स फीडबॅक पाय आणि ग्राउंड यांच्यात असतो. तिथं डिव्हायडरचं (त्या दोन रेझिस्टरांच्या जोडीचं) वरचं टोक लोडच्या बाजूनं घेतलेलंच चांगलं आणि खालचं चिपच्या ग्राउंडपाशी. बरोबर उलटं. नवी चिप हातात आली की डेटाशीटमधली आतली आकृती उघडा आणि रेफरन्स कोणत्या दोन पायांमध्ये बसलाय ते बघा. उरलेली पानं नंतर वाचली तरी चालतील.

याच्यापुढचं बरंचसं सोपं आहे, घाबरू नका. नो लोडला १२ च्या जागी ११.७ आलं तर ती तुमची चूक नाही. साध्या एलएम३१७ चा १.२५ हा आकडा १.२० ते १.३० मध्ये कुठंही असू शकतो, कंपनीच तसं लिहून देते. म्हणजे रेझिस्टर कितीही भारी टाका, ट्रिम केल्याशिवाय ४ टक्क्यांच्या आत येण्याची खात्री नाही. आणि तुमचा मीटर तरी कुठं देव आहे? ०.५ टक्के अधिक २ अंक असं लिहिलेला साडेतीन अंकी मीटर १२ व्होल्टला ८० मिलिव्होल्ट इकडंतिकडं दाखवू शकतो. त्याच्यावर बघून १० मिलिव्होल्टची भांडणं करू नका.

नो लोडला व्होल्टेज उलट वर चढत असेल तर आर-वन बघा. २४० ओहमचा असणार. पुस्तकांतल्या सर्किटमध्ये हाच असतो, पण तो एलएम११७ साठी, म्हणजे याच कुटुंबातल्या दुसऱ्या चिपसाठी ठीक आहे. एलएम३१७ ला वाईटात वाईट १० मिलिअँपिअर किमान लोड लागू शकतो आणि २४० ओहममधून जेमतेम ५ जातात. १२० ओहम टाका, आर-टूही त्या हिशोबानं बदला.

मराठवाड्यात काम करताय तर एक गोष्ट पुण्या-मुंबईचे व्हिडिओ सांगणार नाहीत. एमआयडीसीत २३० व्होल्टवर पास झालेलं कार्ड परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या वस्तीवर जातं. तिथं रात्री सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की लाइन १७० वर येते. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मग ८.९ देतो. पीक १२.५, ब्रिजचे दीड गेले, राहिले ११. २२०० मायक्रोफॅरडवर अर्धा अँपिअर ओढला तर रिपलचा (व्होल्टेजच्या चढउताराचा) तळ ९ च्या जवळ जातो. तुम्हाला ९ व्होल्ट आउटपुट हवंय, चिपला वर दोन तरी लागतात. इनपुटला मीटर १० दाखवतो, कारण तो सरासरी दाखवतो. तळ बघायला स्कोप (ऑसिलोस्कोप) लागतो. व्हेरिॲक (लाइनचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) वापरा, १६० पर्यंत खाली आणून फुल लोड द्या, मगच स्टिकर लावा.

दुसरी बाजू उष्णतेची. हीटसिंकशिवाय टीओ-२२० (मागं स्क्रूचं भोक असलेला पत्रा असतो ती) चिप दर वॅटला ५० अंशांच्या आसपास तापते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४२ अंश असतात. २ वॅटला हिशोब करा, १४० च्या वर जातो आणि एलएम३१७ ची मर्यादा १२५ आहे. ती जळेलच असं नाही, पण आकडा सरकेल आणि मग स्वतःला वाचवायला आउटपुट कमी करेल. एसीच्या खोलीत घेतलेलं रीडिंग मला दाखवू नका.

तयार मॉड्यूल लावून मोकळं व्हावं असं वाटतं, मलाही वाटतं. लावा, पण त्याला अचूकतेचं काम देऊ नका. स्वस्त बोर्डांवर २५९६ चं नाव छापून जुनी, ५२ किलोहर्ट्झची चिप बसवलेली सापडते. स्कोप लावला की लगेच कळतं, खरी १५० वर चालते.

गुरूंबद्दल माझं मत कडू आहे. "चालतंय ना, मग राहू दे" म्हणणाऱ्या सीनिअरकडून सोल्डरिंग शिका, मोजमाप शिकू नका. आमच्या काकांचा हात आजही माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पण प्रोब कुठं लावायचा हे मला रिपेअरिंगच्या टेबलावरच्या एका गप्प माणसानं दाखवलं. तो कधीच नुसतं टर्मिनलवर मोजायचा नाही, आधी चिपच्या पायावर आणि मग टर्मिनलवर, दोन्ही आकडे पेन्सिलनं बोर्डाच्या कडेला लिहायचा.

ट्रिमपॉट (स्क्रूनं फिरवायचा छोटा रेझिस्टर) लावाल तेव्हा तो आर-टूचा छोटा भाग म्हणून सिरीजमध्ये लावा, सगळा आर-टू त्याच्यावर सोडू नका. आणि मधला पाय एका कडेच्या पायाला शॉर्ट करा. धुळीनं वायपर (मधल्या पायाचा सरकता संपर्क) उचलला आणि आर-टू ओपन झाला, तर एलएम३१७ इनपुटमध्ये असेल नसेल तेवढं जवळजवळ सगळं व्होल्टेज आउटपुटला सोडतो. पुढं ५ व्होल्टचा कंट्रोलर असेल तर तो गेलाच समजा.