टॅरोचं एक कार्ड आणि ओट्यावरचा एक पदार्थ: कसं जुळवायचं

टॅरो म्हणजे चित्रांच्या पानांचा एक संच, लोक त्यावरून भविष्य बघतात. शनिवारी सकाळी त्यातलं एक कार्ड काढायचं, त्यावरून एक पदार्थ ठरवायचा, तो एकटीने रांधायचा आणि रांधताना मनात जे येईल ते वहीत टिपायचं. सहा वर्षं मी हे करते आहे. यात भविष्य नाही, कुणाला कौल लावणं नाही. प्रश्न आपल्या मनात असतोच, बऱ्याचदा उत्तरही असतं, पण नुसतं बसून विचार करायला घेतला की मन पळ काढतं. हाताला काम दिलं की ते जागेवर येतं. कार्डाचा उपयोग एवढाच, की रोजच्या चाकोरीतून जाणाऱ्या विचाराला एक अनोळखी चित्र आडवं येतं.

डेक, म्हणजे कार्डांचा पूर्ण संच, घेताना एकच गोष्ट बघा: मायनर कार्डांवर माणसं आहेत का? टॅरोची कार्डं ७८. त्यांतली २२ मेजर, म्हणजे हँग्ड मॅन, डेथ अशा स्वतंत्र नावांची. उरलेली ५६ मायनर, म्हणजे पत्त्यांसारखी गटांत वाटलेली. वाँड्स (काठ्या), कप्स (प्याले), स्वोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (चकत्या) असे मायनरचे चार गट, प्रत्येकात १४. जुन्या मार्सेय, म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये फाइव्ह ऑफ कप्सवर नुसते पाच प्याले असतात, आपल्या बदामाच्या पंजीसारखे. त्यावरून स्वयंपाक सुचणं कठीण. लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या डेकमध्ये मात्र पामेला कोलमन स्मिथ यांनी एकेका मायनर कार्डावर प्रसंग रंगवला: कुणी हातोडा मारतंय, कुणी कुदळीवर रेलून झाडाकडे बघतंय, कुणी रात्री अंथरुणात उठून बसलंय. तोच डेक घ्या. प्रकाशक रायडर आणि मजकुराचे कर्ते वेट यांच्या नावांनी तो ओळखला जात राहिला, चित्रं काढणारीचं नाव त्याला फार उशिरा जोडलं गेलं. मी त्याला स्मिथचा डेकच म्हणते, कारण या कामात आपल्याला हवी असतात ती तिची चित्रं.

डेक कुणी भेट दिलेलाच हवा, तो पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवावा, मिठात पुरून शुद्ध करावा, हे सगळे सल्ले सोडून द्या. पंधराव्या शतकातल्या इटलीत ही खेळायची पानं होती. सावंतवाडीच्या राजवाड्यात गोल गंजिफा रंगवताना पाहिल्या असतील, तर दशावतारी गंजिफेची १२० पानं जशी देवांची चित्रं घेऊनही मुळात खेळायची, तशीच ही. तीनेकशे वर्षं लोक यांवर डाव मांडत होते. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पुरावा नसताना त्यांचं नातं प्राचीन इजिप्तशी जोडलं, आणि त्यानंतर भविष्य सांगण्याची लाट पसरली. कार्डाला घाबरायचं कारण नाही. हळदीच्या बोटांनी मात्र धरू नका.

प्रश्न ‘कधी’ किंवा ‘होईल का’ असा नको. ‘मी काय टाळते आहे?’ एवढा पुरतो. तो वहीत वरच्या ओळीत लिहा, पिसा, एक कार्ड काढा. उलटं आलं तर सरळ करून ठेवा. आवडलं नाही म्हणून दुसरं काढू नका. नकोसं वाटलेलं कार्डच बहुधा त्या दिवसाचं असतं.

इथपर्यंत कुणालाही जमतं. सगळी अडचण पुढे आहे: कार्डावरून पदार्थ कसा ठरवायचा? यातच माझं पहिलं वर्ष वाया गेलं.

त्याचं कारण एक तक्ता. वाँड्स म्हणजे अग्नी, म्हणून मिरची. कप्स म्हणजे जल, म्हणून सार किंवा सूप. स्वोर्ड्स वायू, म्हणून हलकं-कुरकुरीत. पेंटॅकल्स पृथ्वी, म्हणून कंदमुळं. चार गट आणि चार तत्त्वं ही जोडी टॅरोवाल्यांत रूढ आहे, त्यामुळे तक्ता खरा वाटतो. मी तो ओट्याच्या वर चिकटवला होता. एट ऑफ पेंटॅकल्स आलं, मी रताळ्याचा कीस केला. कीस छान झाला. वहीत त्या दिवशी लिहिलंय: ‘काही सुचलं नाही.’ असं पानोपान आहे. तक्ता तुमच्या हातात पदार्थ देतो आणि चित्राकडे बघायचं राहूनच जातं. असा तक्ता कुठे दिसला तर वाचूही नका.

मग करायचं काय? चित्रातल्या माणसाच्या हातांकडे बघायचं. तो हातांनी काय करतोय, ते एका वाक्यात लिहायचं, क्रियापदासकट. कार्डाचा अर्थ सांगणारं पुस्तक या वेळी मिटलेलं हवं. घड्याळ लावून पाच मिनिटं नुसतं बघा. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही, तिथे उठू नका.

तेच एट ऑफ पेंटॅकल्स पुन्हा आलं तेव्हा असं बघितलं. बाकावर बसलेला कारागीर, एका हातात छिन्नी, एका हातात हातोडा. घडवून झालेल्या चकत्या शेजारच्या खांबावर ओळीने लावलेल्या. गाव मागे, लांब. वाक्य झालं: ‘तो एकच वस्तू पुन्हा पुन्हा घडवतोय.’ आपल्या स्वयंपाकघरात एकच वस्तू पुन्हा पुन्हा घडवायची म्हणजे भाकरी. ज्वारीच्या आठ भाकऱ्या थापल्या. पाचवीला लक्षात आलं, की मी किती राहिल्या हे मोजते आहे आणि हाताखालची कडेला फाटते आहे. त्या आठवड्यात शाळेच्या वह्या तपासताना मी नेमकं हेच करत होते. रताळ्याच्या किसाने हे मला कधी सांगितलं नसतं.

दुसरं उदाहरण हँग्ड मॅनचं. या कार्डाला लोक दचकतात, पण त्या माणसाचा चेहरा बघा. एका पायाने उलटा टांगलेला, हात पाठीमागे, डोक्याभोवती तेजोवलय आणि चेहरा शांत. वाक्य: ‘तो टांगलेला आहे आणि हात वापरत नाही.’ टांगायचं आणि हात लावायचा नाही, म्हणजे चक्का. लिटरभर म्हशीच्या दुधाचं दही मलमलीच्या पंचात बांधून नळाला टांगलं, खाली पातेलं. आधी पाण्याची धार लागते, मग ती तुटते, मग टप... टप... आणि अर्ध्या तासाने तर तेही कान देऊन ऐकावं लागतं. त्या दिवसांत मुलाच्या प्रवेशाची यादी लागायची होती. मला दम निघेना. मी पुरचुंडी दोन्ही हातांनी पिळली, तर पाण्याऐवजी दहीच पंचाच्या विणीतून बाहेर आलं, पांढऱ्या शेवयांसारखं. हात धुतले. सकाळपासून मुलाला तीन फोन करून झाले होते, चौथा लावायच्या बेतात होते. लावला नाही. चक्का पाच-सहा तासांनी व्हायचा तेव्हाच झाला. (उन्हाळा असेल तर गाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्या, बाहेर टांगलेला आंबतो.)

हात मोकळे नसतील किंवा काहीच करत नसतील, तर काय? माझी गाडी सगळ्यात जास्त इथेच अडली. फोर ऑफ कप्समध्ये एक तरुण झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन प्याले. शेजारी ढगातून एक हात चौथा प्याला पुढे करतोय आणि त्याचं तिकडे लक्षच नाही. दोन वेळा हे कार्ड आलं आणि दोन्ही वेळा मी उगाच कंटाळ्याचा पदार्थ शोधत बसले, मुगाची खिचडी करून मोकळी झाले. तिसऱ्या वेळी मी प्रश्न बदलला: चित्रात असं काय आहे, ज्याकडे हा माणूस बघत नाहीये? तो चौथा प्याला. मग उठून फळीवर बघितलं, माझ्या घरात दिलेलं आणि न उघडलेलं काय आहे? मागच्या रांगेत कुळथाच्या पिठाची बरणी होती. ताईने गावाहून पाठवलेली, झाकणावर तिच्या हाताने चिकटपट्टी लावलेली, तशीच.

कुळथाचं पिठलं केलं. तीन चमचे पीठ अडीच वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, कांदा, लाल तिखट. मग कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहायचं, दोन आमसुलं आणि मीठ घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं रटरटू द्यायचं. आधी ते पातळ आणि करडं दिसतं, काही जमेलसं वाटत नाही. मग एकदम कुळथाचा भाजका वास सुटतो. त्या वासाबरोबर मला आठवलं, की ताई दोन महिन्यांपासून दर रविवारी फोनवर एकच म्हणत होती, “अगं, आईला महिनाभर माझ्याकडे पाठव. तू जरा झोप काढ.” आणि दर रविवारी मी म्हणत होते, “नको गं, जमतंय.” जमत नव्हतं. गॅस बंद करून तिला फोन केला. बरणीची चिकटपट्टी तेव्हाच काढली हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर नियम दोन. हात काही करत असतील तर ती क्रिया रांधा. हात रिकामे, बांधलेले किंवा घडी घातलेले असतील तर चित्रातलं दुर्लक्षित काय आहे ते रांधा. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये बर्फातून दोघं गरीब चाललेत आणि डोक्यावर उजेडाने भरलेली खिडकी आहे, तिकडे दोघांपैकी कुणीच बघत नाही. अशी कार्डं दुसऱ्या नियमाने सुटतात.

मेजर कार्डांना हेच लागू. टेम्परन्समध्ये देवदूत एका प्याल्यातून दुसऱ्यात पाणी ओततोय, एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. मी कढी करते, कारण ताक आणि आच यांच्यामध्ये उभं राहून सतत ढवळावं लागतं. बेसन नीट घुसळलं नाही किंवा आच मोठी ठेवून पाठ फिरवली, की ताक फुटतं. टॉवरला, म्हणजे वीज पडून फुटणाऱ्या बुरुजाच्या कार्डाला, ज्वारीच्या लाह्या: दाण्याच्या आतली वाफ बाहेर यायला बघते आणि तोच दाणा फुलतो. डेथला दही लावते. विरजण पडलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही. आणि त्या कार्डाच्या मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो, तो सकाळी भांड्यावरचं झाकण काढताना आठवतो.

ही उदाहरणं माझी आहेत, ती उचलून तुमचा तक्ता करू नका. तुमच्या घरात टांगणं म्हणजे वाळवणाच्या मिरच्या असतील, ओतणं म्हणजे दोन भांड्यांतून गार केलेला चहा असेल. गोव्याच्या घरात पुन्हा पुन्हा घडवणं म्हणजे नेवऱ्या. जो पदार्थ तुमचे हात न विचारता करतात, त्यातूनच निवडा. नवी पाककृती या दिवशी अजिबात नको. सगळं लक्ष मापांत जातं.

मायनरमधली दोन कार्डं या पद्धतीत बसत नाहीत, कारण त्यांवर ना माणूस आहे, ना हात. एट ऑफ वाँड्सवर आठ काठ्या हवेतून सपकन येताहेत. ते आलं की मी फोडणीचं काहीतरी करते, सगळं आधी हाताशी घेऊन. थ्री ऑफ स्वोर्ड्सवर तीन तलवारी खुपसलेलं हृदय आणि मागे पाऊस. ते आलं तर चिंतन नको. मऊ भात, तूप, मीठ आणि लवकर झोप.

रांधताना एकटं असावं. फोन दुसऱ्या खोलीत. कार्ड वाफेपासून लांब, पण नजरेसमोर. पाहुणे यायचे असतील त्या दिवशी हे करू नका. मग आपण त्यांच्या पसंतीसाठी रांधतो.

लिहायचं कधी, यावर माझं मत पक्कं आहे: जेवायच्या आधी. भाजी शिजतेय, कणीक मुरतेय, चक्का निथळतोय, त्या रिकाम्या वेळात. पोट भरलं की माणूस स्वतःला सांभाळून घेऊन लिहितो. तीन ओळी पुरेत: हात काय करत होते, तेव्हा काय आठवलं, आणि काय आठवायला नको होतं. तिसरी ओळ सुचली नाही तर जागा मोकळी ठेवा, पण ती ओढूनताणून भरू नका. आणि एक सांगते, खाण्याशीच ज्यांचं भांडण आहे किंवा दुःख अगदी ताजं आहे, त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये. आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावं.

वहीत तारीख, प्रश्न, कार्ड आणि पदार्थ न चुकता लिहा. ७८ कार्डांतून दर आठवड्याला एक काढलं तर वर्षाच्या आत काही पुन्हा येणारच. आलं, की जुनी नोंद लगेच वाचू नका. आधी चित्र पाच मिनिटं बघा, रांधा, तीन ओळी लिहा आणि मगच मागचं पान उघडा. माझ्या वहीत हँग्ड मॅन तीनदा आहे. तिन्ही वेळा चक्काच टांगला. दुसऱ्या वेळच्या नोंदीत पिळल्याचं आहे, तेही थोडंसं. तिसऱ्या वेळी पंचा बांधला आणि मी बाजारात गेले.