डच चांदीवरचे शिक्के वाचायला बसण्याआधी

दहापटीचं भिंग, टॉर्च, पेन्सिल, मऊ फडकं. हे सगळे घेतातच. पॉलिशची बाटली मात्र घरीच ठेवा, झिजलेला शिक्का घासून आणखी झिजवू नका. टॉर्च समोरून न मारता आडवा धरा, कडा उठून दिसतात.

आणि कडा म्हणजेच चौकट. कारागिराची अक्षरं उतरवलीत, पण त्यांच्याभोवतीची चौकट? मी गेल्या खेपेला नुसती अक्षरं टिपून आणली आणि यादीत त्याच आद्याक्षरांचे सोनार ओळीने उभे! कुणाची चौकट चौकोनी, कुणाची लंबगोल, कुणाच्या अक्षरांमध्ये बारीकसं चिन्ह. बसलो डोकं धरून. म्हणून आधी चौकट काढा, मग अक्षरं. फोटोवर विसंबू नका, चकाकीत नेमकी चौकटच जाते. शिक्क्यावर मेणबत्तीची काजळी धरा, गार झाल्यावर सेलोटेप दाबून उचला, पांढऱ्या कागदावर चिकटवा. चौकटीसकट ठसा मिळतो.

कारागीर शोधण्याआधी काळ ठरवा. १८१४ ते १९५३ मधलं काम असेल तर सोपं: उभा सिंह आणि १ म्हणजे हजारात ९३४ भाग चांदी, चालता सिंह आणि २ म्हणजे ८३३. मिनर्व्हा या रोमन देवीचं डोकं हाही एक शिक्का; तिच्या शिरस्त्राणावर तपासणी कचेरीचं अक्षर असतं, ‘ए’ म्हणजे ॲमस्टरडॅम. वर्षाचं अक्षर वेगळं, ते पुन्हा पुन्हा फिरून येतं, तेव्हा त्याचं वळणही टिपा. लहान वस्तूंवर सिंहाऐवजी तलवार. पण हार्लेमचा जुना शहरशिक्काही ताऱ्यांमधली तलवारच, गफलत नको! १७९८ मध्ये गिल्ड, म्हणजे कारागिरांचे संघ, मोडले, त्याआधीच्या कामावर शहराची खूण बघा: ॲमस्टरडॅमच्या मुकुटाखालच्या तीन फुल्या, लायडनच्या एकमेकींवरून गेलेल्या किल्ल्या, हेगचा करकोचा.

कुऱ्हाड दिसली तर तो कारागीर नव्हे. जुना डच माल पुन्हा विक्रीला आला की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती मारत.

सगळे शिक्के फारच ‘पुरातन’ वाटले तर सावध. जर्मनीतल्या हानाऊत तेव्हा जुन्या शिक्क्यांच्या नकला सर्रास होत. शेजारी इंग्लंडचा आयात-शिक्का असेल तर ती नंतरची नक्कल असण्याचा संशय आणखी बळावतो.

बाकी नेहमीचं. वजन करा, ठोके-डाग लिहा, चौकट काढली का बघा. झाकण, दांडा, तळ वेगवेगळे तपासा. झाकणावर दुसराच शिक्का निघाला तर ते जोडकाम, किंमत त्या हिशेबाने बोला.