दशांश अपूर्णांक: घरे ओळखून गणिते कशी सोडवावीत

०.३५ आणि ०.५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले की अनेक मुले ०.३५ हे उत्तर देतात, कारण पस्तीस हे पाचापेक्षा मोठे आहेत. दशांश चिन्हाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या असतात, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. बेरीज-गुणाकाराचे नियम शिकवण्यापूर्वी हा समज दूर करावा. तो तसाच राहिला, तर पाठ केलेला प्रत्येक नियम पुढे चुकीच्या जागी वापरला जातो.

प्रथम वहीत स्थानांचा तक्ता आखावा. शतकाकडून दशकाकडे आणि दशकाकडून एककाकडे येताना प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दहाव्या भागाएवढी होते. एककापाशी न थांबता हाच क्रम पुढे नेला की दशांश, शतांश आणि सहस्रांश ही घरे मिळतात. दशांश चिन्ह केवळ एककाचे घर कोठे संपले ते दाखवते. ४७.०६ मध्ये चार दशक, सात एकक, शून्य दशांश आणि सहा शतांश आहेत. ४७.३५ ही संख्या ‘सत्तेचाळीस पॉइंट पस्तीस’ अशी न वाचता ‘सत्तेचाळीस दशांश चिन्ह तीन पाच’ अशी वाचावी, म्हणजे पस्तीस ही स्वतंत्र संख्या असल्याचा भास होत नाही.

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे पैसा हा रुपयाचा शतांश झाला. त्यामुळे ५ रुपये ५ पैसे हे ५.५ असे नव्हे, तर ५.०५ असे लिहावे. मात्र केवळ पैशांच्या उदाहरणांवर थांबू नये, कारण तेथे दोनच दशांशस्थळे असतात आणि रुपये व पैसे हे वेगवेगळेच मोजले जातात. माझ्या मते घरातली शिवणकामाची टेप अधिक उपयोगी पडते. तिच्यावर ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर आणि ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर हे बोट ठेवून दाखवता येते. मग ०.५ आणि ०.५० समान का, पण ०.०५ वेगळे का, हेही मुलाला स्वतःच सांगता येते.

बेरीज-वजाबाकीत चिन्हाखाली चिन्ह मांडावे आणि रिकाम्या घरांत शून्ये भरावीत. १२.५ + ३.७५ + ४ या उदाहरणात ४ हा अंक शेवटच्या घरात नव्हे, तर एककाच्या घरात ४.०० असा लिहावा, उत्तर २०.२५ येते.

गुणाकारापूर्वी अंदाज बांधावा. २.४ × ०.३ मध्ये २.४ चा निम्म्याहून लहान भाग घ्यायचा आहे, म्हणून उत्तर १.२ पेक्षा कमी येणार. आता २४ × ३ = ७२; दशांशाला दशांशाने गुणले की शतांश मिळतात, म्हणून उत्तर ०.७२. गुणाकाराने संख्या वाढलीच पाहिजे, असे मानणारे मूल येथे अडखळते. त्याला घाई न करता थोडा वेळ द्यावा.

भागाकारात भाजक पूर्ण संख्या होईपर्यंत भाज्य व भाजक या दोघांनाही दहाने गुणावे. समजा, एका संघाच्या ७.३ षटकांत ४५ धावा झाल्या आणि धावगती काढायची आहे. येथे सावध राहावे, कारण षटकांच्या नोंदीतला बिंदू हा दशांश चिन्ह नसतो: ७.३ म्हणजे सात षटके आणि तीन चेंडू. षटकात सहा चेंडू असल्याने तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक, म्हणून भाजक ७.५ घ्यावा. ४५ ÷ ७.५ म्हणजेच ४५० ÷ ७५, आणि धावगती षटकामागे ६ धावा. ७.३ ने भागल्यास मात्र ती सुमारे ६.१६ अशी चुकीची निघते.