चामड्यावर मशीनची शिलाई : या चुका टाळा

कापडावरची शिलाई चुकली तर ती उसवता येते आणि इस्त्री फिरवली की भोकेही दिसेनाशी होतात. चामड्यात पडलेले भोक मात्र कायमचे असते. शिवणकाम येते म्हणून थेट चामड्याला हात घालणारी मंडळी नेमके हेच विसरतात.

माझ्या दृष्टीने अक्षम्य चूक म्हणजे कापडाची सुई. तिचे गोल टोक धाग्यांना बाजूला सारून वाट काढते, परंतु चामड्याला वीण नसते, त्याचे तंतू एकमेकांत गच्च गुंतलेले असतात. तेथे ही सुई अडते, तापते, किंचित वाकते, दोऱ्याचा फासा नीट पडत नाही आणि खाली फिरून तो पकडणाऱ्या शटलचे टोक त्याला न पकडताच पुढे निघून जाते. यालाच आपण टाका सुटणे म्हणतो. जालन्याच्या एका होतकरू तरुणाने छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतील एका दुकानासाठी खांद्याला लावायच्या पिशव्यांचे काम घेतले होते. टाके सुटू लागताच त्याने टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, आवळले, दोरा तुटू लागला म्हणून दोरा बदलला, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून शटलचे टायमिंग, म्हणजे सुईशी जुळलेली वेळ, हलवले आणि शेवटी सुटलेल्या टाक्यांवर दुसरी शिलाई मारून पट्ट्यांच्या कडा पोस्टाच्या तिकिटासारख्या करून टाकल्या. पहिल्याच ओझ्याला पट्टा त्या रेषेवर फाटला. मशीन माझ्याकडे आले तेव्हा त्यात कापडाचीच सुई होती, तीही थोडी फिरून बसलेली. सुई बदलून आणि टायमिंग पूर्ववत करून मशीन सुरळीत झाले, पट्टे मात्र सगळे नव्याने कापावे लागले. काही रुपयांची सुई वाचवण्यापायी चामडे वाया घालवणाऱ्यांची मला आता कीवही येत नाही.

पाकिटावर ‘एलआर’ लिहिलेली सुई घ्यावी. तिचे धारदार टोक तिरपा छेद देते, त्यामुळे टाकाही किंचित तिरपा आणि सुबक बसतो. दोरा बॉन्डेड, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेल्या, नायलॉनचा असावा. तिकीट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा क्रमांक, तो जितका लहान तितका दोरा जाड. 40 तिकिटाच्या दोऱ्याला मी 110/18 ची सुई लावतो, 20 तिकिटाच्या जाड दोऱ्याला 140/22 ची. बाभूळ किंवा तरवडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात सुती दोरा कालांतराने कुजतो, तेव्हा तो मोह टाळावा.

दुसरी आवडती चूक टेन्शनची. खाली दोऱ्याचे जाळे झाले की नवशिके बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळू लागतात, वास्तविक बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. चामडे दाबून धरणारा फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, म्हणून ओवताना फूट नेहमी वर असावा आणि ताण तपासताना तो खाली असावा. वरच्या-खालच्या दोऱ्यांची गाठ चामड्याच्या जाडीच्या मध्यावर लपली पाहिजे. वरचा दोरा सरळ तारेसारखा पडून खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसत असतील तर वरचे टेन्शन जास्त आहे. ही परीक्षा त्याच चामड्याच्या, तितक्याच थरांच्या तुकड्यावर घ्यावी. कापडाच्या चिंधीवर ताण जुळवून लगेच म्हशीच्या दुपदरी पट्ट्यावर शिवायला बसणाऱ्याला मी मशीनवरून उठवतो.

फूटचा दाब कमी असेल तर सुई वर येताना चामडेही तिच्याबरोबर उचलले जाते आणि पुन्हा टाका सुटतो. जास्त असेल तर खालच्या बाजूला चामडे पुढे सरकवणाऱ्या दात्यांचे व्रण उमटतात. उस्मानाबादी शेळीच्या पातळ, मऊ कातड्यावर ते फार लवकर दिसतात. वरचा थर मागे राहत असेल तर हाताने ओढू नये, सुई वाकते. वॉकिंग फूटचे, म्हणजे वरचा थरही सोबत पुढे सरकवणाऱ्या फूटचे, मशीन हाच खरा उपाय आहे.

टाका 3 ते 4 मिलिमीटरचा ठेवावा, बारीक टाक्याने मजबुती वाढत नाही, उलट चामडे कापले जाते. जाड जोड रापीने, म्हणजे चामडे तासायच्या पात्याने, तासून घ्यावा. जोड धरून ठेवायला लावलेल्या चिकट टेपवरून सुई नेऊ नये. सुरुवातीचे दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून, दोन्ही दोऱ्यांची टोके धरून घालावेत. एकदम वेग घेणाऱ्या क्लच मोटरवर पाय दाबून सुसाट निघणाऱ्याची शिलाई कोपऱ्यावर हमखास भरकटते, आणि ज्याला हा वेग आवरत नाही त्याने वेग हळू ठेवता येणारी सर्व्हो मोटर बसवावी.

शेवटी रिव्हर्स, म्हणजे टाके पक्के करायची उलटी शिलाई. पातळ चामड्यावर त्याच भोकांतून मागे येणे जमत नसेल तर रिव्हर्स मारूच नये. मी वरचा दोरा खाली ओढून गाठ मारतो, टोक दोन मिलिमीटर ठेवून कापतो आणि लायटरच्या ज्योतीने वितळवून चपटे दाबतो.